तोंडावरचा मुरूम आणि गावभरचे वैद्य

परीक्षेचा निकाल आणि तोंडावरचा मुरूम या दोन गोष्टी ज्याच्या त्याच्या मालकीच्या राहत नाहीत. दोहोंवर गावाचा हक्क असतो. त्यातही निकालाची चौकशी वर्षातून फार तर दोनदा होते, मुरमाची मात्र रोज. मोसम पुलावर भेटलेली लांबची मावशी, कॅम्पातल्या दुकानात रांगेत पुढे उभी असलेली अनोळखी बाई, ग्रंथालयात पुस्तकाआधी आपल्या तोंडाकडे पाहणारी वर्गमैत्रीण, सर्वांचा पहिला प्रश्न एकच : "काय गं, तोंडाला काय झालं?" आणि उत्तराची वाट न पाहता दुसरे वाक्य औषधाचे. रस्त्यावर पसरतात तोही मुरूम आणि गालावर उगवतो तोही मुरूम, हा आपल्या भाषेचा खोडसाळपणा आहे खरा. पण रस्त्यावरच्या मुरमाविषयी इतक्या कळकळीने कोणी सूचना केली असती, तर आपले रस्ते केव्हाच गुळगुळीत झाले असते.

हा लेख विनोदासाठी लिहिलेला नाही. गावभरच्या वैद्यांत मीही एक होते, आणि माझ्या एका सल्ल्याचा परिणाम मी जवळून पाहिला आहे. त्याविषयी पुढे लिहीनच. आधी या घरगुती वैद्यकाकडे थोडे आदराने आणि थोडे संशयाने पाहू.

आदराने अशासाठी, की हे ज्ञान जुने आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणात मुखदूषिका येते. तरुणांच्या मुखावर कफ, वात आणि रक्त यांच्या दोषाने शाल्मलीच्या काट्यांसारख्या पुळ्या उठतात, असे तिचे वर्णन आहे. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. बागलाणाकडे जाताना शिशिरात पाने झडलेली, लाल फुलांनी पेटलेली सावर ज्यांनी जवळून पाहिली असेल, त्यांना ही उपमा किती नेमकी आहे हे सांगायला नको : तळाशी रुंद, टोकाला अणकुचीदार, आणि बोट लावल्यावर दुखणारी. त्यावर वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरी यांचा लेप सांगितला आहे. वमनाचाही उपाय सांगितला आहे. तो मात्र आजीच्या बटव्यात उतरला नाही, हे आपले भाग्य. मराठीत आपण तारुण्यपीटिका असा भारदस्त शब्द वापरतो. नदीपलीकडच्या माझ्या मैत्रिणीच्या घरी याच गोष्टीला मुहाँसे म्हणतात, आणि युनानी ग्रंथांत तिला बुसूर-ए-लबनिया असे नाव आहे. लबन म्हणजे दूध. पुळी दाबली असता दुधाळ द्रव निघतो, त्यावरून हे नाव. मालेगावात राहण्याचा हा एक लाभ. एकाच पुळीला इथे संस्कृत आणि अरबी अशी दोन घराण्यांची नावे मिळतात, आणि औषधेही दोन घरांची. आमच्या घरी जायफळ दुधात उगाळून लावतात, तिच्या घरी मुलतानी माती गुलाबपाण्यात कालवतात. डाळीचे पीठ आणि हळद मात्र दोन्ही घरी आहेत.

आता संशयाची बाजू. जुने आहे म्हणून गुणकारी आहे, असे होत नाही. हे म्हणताना माझ्यासमोर हळदीचाच खटला आहे. अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने या पेटंटाला आव्हान दिले, जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले दाखले सादर केले, आणि १९९७ साली पेटंट रद्द झाले. माशेलातून आलेल्या या मराठी माणसाचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच हवा. परंतु त्या लढाईत सिद्ध काय झाले? हळदीचा हा उपयोग आम्हांला आधीपासून ठाऊक होता, तो अमेरिकेतील कोणाचा नवा शोध नव्हे, एवढेच. हळद मुरूम बरे करते की नाही, हा प्रश्न त्या कचेरीसमोर नव्हताच. मालकीचा निवाडा वेगळा आणि गुणाचा निवाडा वेगळा. आपण मात्र त्या विजयाची पावती घेऊन हळदीचा वाडगा हातात घेतो.

अशीच एक गोष्ट आपल्या गावात घडून गेली. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनामुळे मालेगावचे नाव रोज बातम्यांत होते. पुढे रुग्ण ओसरू लागले आणि बाहेरगावचे लोक मन्सूऱ्याच्या युनानी महाविद्यालयाच्या काढ्याची पाकिटे मागू लागले. आमच्या नाशिकच्या नातेवाइकांनीही, एरवी जे मालेगावचे नाव काढले की दोन हात लांब राहतात, तो काढा मागवला. तो पिऊन आम्हांला बरे वाटले, हे मी नाकारत नाही. पण साथ ओसरली त्या काळात काढा होता, तशा टाळेबंदी, तपासण्या, दवाखाने आणि लोकांची स्वतःची प्रतिकारशक्ती याही गोष्टी होत्याच. कशाचे श्रेय किती, हे नुसत्या आठवणीवरून ठरत नाही. म्हणून तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पुढे २०२२ मध्ये मालेगावचे रहस्य काय, यावर अभ्यास हाती घेतला. मुरमांचे नेमके असेच आहे. ते येतात, जातात, पुन्हा येतात, आणि बहुतेकांचे विशीनंतर हळूहळू आपोआप कमी होतात. ज्या दिवशी ते कमी होतात, त्या दिवशी गालावर जे काही थापलेले असेल, ते औषध ठरते. कोणाचे जायफळ, कोणाचे तुरटीचे पाणी. "लग्न झालं की जातील" हा सल्लाही याच जातीचा. लग्नाचे वय आणि मुरूम ओसरण्याचे वय जवळपास एकच असते. यात नवरदेवाचा पराक्रम काही नाही.

मुरूम होतो कसा, हे एकदा समजून घेतले की निम्मे सल्ले आपोआप गळून पडतात. आपल्या कातडीत केसाच्या मुळाशी तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना शरीरात जी संप्रेरके वाढतात, विशेषतः अँड्रोजन नावाची, जी मुलांत अधिक पण मुलींतही असतात, त्यांच्यामुळे या ग्रंथी जास्त तेल पाझरू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी नीट झडून न जाता चिकटून बसतात आणि तेलाशी मिळून बूच तयार होते. बुचामागे तेल तुंबते. आपल्या सर्वांच्याच त्वचेवर वस्तीला असणारा क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचा जंतू (२०१६ पर्यंत त्याचे आडनाव प्रोपिओनिबॅक्टेरियम असे होते) त्या कोंडलेल्या तेलावर पोसतो, आणि शरीर त्याच्याशी झगडू लागते. तो झगडा म्हणजे लाल, ठणकणारी पुळी. बूच उघडे असले तर त्याचे टोक काळे दिसते. तो काळेपणा मळाचा नव्हे, त्वचेतल्याच रंगद्रव्याचा आणि हवेशी झालेल्या संयोगाचा आहे. तेव्हा "तोंड धूत नाहीस का?" हा प्रश्न जितका अपमानकारक तितकाच अज्ञानी आहे. दिवसातून सहा वेळा साबणाने तोंड घासणाऱ्या मुली मला ठाऊक आहेत. त्यांचे मुरूम गेले नाहीत. कातडी मात्र सुकून सोलली.

याहून महत्त्वाची गोष्ट काळाची आहे. आज दिसणाऱ्या पुळीचे बूच कित्येक आठवड्यांपूर्वी, पुष्कळदा दोन महिन्यांपूर्वी, बसू लागलेले असते. म्हणजे काल रात्री खाल्लेल्या भज्यांना आज सकाळच्या मुरमाचा गुन्हेगार ठरवणे, हा भज्यांवर अन्याय आहे. आणि आज लावलेल्या लेपाचा हिशेब तीन दिवसांनी मागणे, हा लेपावर अन्याय आहे. डॉक्टरांचे खात्रीचे औषधही सहा-आठ आठवड्यांपूर्वी आपला गुण दाखवत नाही. आम्ही मात्र सोमवारी डाळीचे पीठ, गुरुवारी कोरफड, रविवारी लसूण असा उपासतापासासारखा वार लावून घेतो आणि पंधरा दिवसांत चेहऱ्याची प्रयोगशाळा करून टाकतो.

खाण्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण कसमादेच्या कोणत्याही घरात मुरूम म्हटले की "उष्णता पडली" हे निदान तयार असते. आंबा, शेंगदाणे, अंडी, मिरची सगळे बंद. अमेरिकेत १९६९ साली प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन या डॉक्टरांनी ६५ जणांवर चॉकलेटचा प्रयोग करून चॉकलेटाने मुरूम वाढत नाहीत असे सांगितले, आणि पुढची अनेक वर्षे "खाण्याचा आणि मुरमांचा संबंध नाही" असे डॉक्टर म्हणत राहिले. मात्र त्या प्रयोगात तुलनेसाठी दिलेल्या दुसऱ्या वडीतही साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती! मग फरक दिसणार कसा? पुढे २००७ साली ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर बारा आठवडे प्रयोग झाला. ज्यांच्या जेवणातून चटकन रक्तात साखर वाढवणारे पदार्थ कमी केले, त्यांचे मुरूम तुलनेने अधिक कमी झाले. याचा अर्थ आजी अगदीच चुकीची नव्हती. फक्त तिने आरोपी चुकीचा पकडला. मिरची आणि शेंगदाणे तुरुंगात आणि चार चमचे साखरेचा चहा, पाव, बिस्किटे मोकाट, असा तो प्रकार होता. व्यायामशाळेत जाणाऱ्या बंधूंनी आणखी एक लक्षात ठेवावे. डब्यातल्या दुधाच्या प्रथिनांची भुकटी सुरू केल्यावर मुरूम उसळल्याचे त्वचारोगतज्ज्ञांनी अनेकदा नोंदले आहे. आरशासमोर दंड फुगवताना पाठीकडेही एकदा पाहून घ्यावे.

आता मूळ प्रश्न. घरी काय करावे आणि काय करू नये?

माझ्या मते आजीच्या बटव्यातल्या बऱ्याच गोष्टी निरुपद्रवी आहेत, काही थोड्याशा उपयोगी आहेत, आणि दोन-चार सरळ घातक आहेत. गंमत अशी की घातक त्या बहुतेक बटव्यातल्या नाहीतच. त्या अलीकडे मोबाइलवरच्या चित्रफितींतून आलेल्या आहेत आणि "नैसर्गिक" असा टिळा लावून फिरतात. डाळीच्या पिठाने किंवा मुलतानी मातीने वरचे तेल शोषले जाते, तेवढा वेळ चेहरा हलका वाटतो. बूच त्याने निघत नाही, पण बिघडतही नाही, लेप कडकडीत वाळेपर्यंत ठेवून खरवडून काढला नाही म्हणजे झाले. कोरफडीचा गर दाह शमवतो. तरी आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर पाहावे, कारण काहींना तिचीही खाज सुटते. हळदीत आणि कडुलिंबात जंतूंविरुद्ध गुण असल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण काचेच्या बशीतला जंतू आणि तेलाच्या बुचामागे दडलेला जंतू यांत फरक आहे. शिवाय उघड्यावरची पिवळीधमक हळद निरखून घ्यावी. शिसेयुक्त रंगाची भेसळ हे त्या झगमगाटाचे कारण असू शकते. जायफळाविषयी मी आईशी वाद घालत नाही. ते उगाळायला अर्धा तास लागतो, आणि तेवढा वेळ हात चेहऱ्यापासून दूर राहतात, हाच त्याचा मोठा गुण असावा.

घातक आहे ते लिंबू. खाण्याचे नव्हे, लावण्याचे. रसायनशास्त्राचे विद्यार्थी सांगतील की त्वचेचा सामू साधारण पाच आणि लिंबाच्या रसाचा दोनच्या आसपास. सामूचे प्रत्येक पाऊल दहापटीचे असते, म्हणजे लिंबू त्वचेहून सुमारे हजारपट आम्ल. एवढ्यावर भागत नाही. कागदी लिंबात अशी द्रव्ये असतात, की जी त्वचेवर असताना ऊन लागले तर ती जागा भाजल्यासारखी होते आणि मागे काळपट डाग राहतात. ज्या गावात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तिथे सकाळी तोंडाला लिंबू चोळून अकराच्या तासाला निघणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाचा. त्याने त्वचेचे संरक्षक अस्तर उसवते. लसूण ठेचून लावल्याने कातडी भाजल्याची उदाहरणे आहेत. दात घासायची पेस्ट दातांसाठी असते.

नैसर्गिक वस्तू मोजूनमापून वापरली की काय होते, याचेही एक उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियात टी ट्री नावाच्या झाडाचे तेल पूर्वापार वापरतात. तिथे १९९० साली १२४ रुग्णांवर पाच टक्के तेलाचे जेल आणि पाच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड यांची तुलना केली. दोन्हींनी मुरूम कमी झाले. तेलाने सावकाश, पण आग आणि कोरडेपणा कमी. वनस्पतींशी कोणाचे वैर नाही. प्रश्न एवढाच, की किती टक्के, किती दिवस, किती जणांवर. आपल्या घरी "चिमूटभर" हे माप आहे, आणि प्रत्येक आजीची चिमूट वेगळी.

आता ती गोष्ट. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनातील एकांकिकेत माझ्या एका मैत्रिणीला मुख्य भूमिका मिळाली. तिच्या गालांवर मुरूम होते, फार नव्हते. तालमीत कोणीतरी "मेकअपवाल्याला जास्त पैसे द्यावे लागतील" असे म्हटले आणि सगळे हसले. मीही हसले. त्याच संध्याकाळी मी तिला लिंबू आणि सोडा सांगितला. कुठे तरी पाहिले होते, खात्री केली नव्हती. तिने आठ दिवस तो केला. मुरूम राहिले बाजूला, गालांवर तपकिरी चट्टे उठले. मग घाबरून तिने एका औषधांच्या दुकानातून "चेहऱ्यासाठी काहीतरी" मागितले आणि तिला चिठ्ठीशिवाय एक छोटी ट्यूब मिळाली. त्या ट्यूबने जादू केली. आठ-दहा दिवसांत तिचा चेहरा काचेसारखा झाला. आम्ही सगळ्यांनी तिला गुपित विचारले. तिने मोकळेपणाने सांगितले, आणि आमच्यातल्या आणखी तिघींनी तीच ट्यूब आणली.

ती स्टिरॉइडची होती. स्टिरॉइड दाह दाबते, म्हणून लाली झटकन जाते. बूच आणि तेल तिथेच राहतात. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, कधी लव वाढते, आणि ट्यूब थांबवताच सगळे दुप्पट जोराने उसळते, म्हणून माणूस ती पुन्हा लावतो. देशातील बारा केंद्रांत त्वचारोगतज्ज्ञांनी पाहणी केली होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते, आणि त्यांतले कित्येक मुरमांसाठी किंवा गोरे होण्यासाठी. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम आहे, ट्यूबही आहे. माझी मैत्रीण संमेलनाच्या बारा दिवस आधी तालमीला यायची थांबली. उन्हात चेहरा जळतो, दिव्यांसमोर उभे राहवत नाही, असे तिने निरोपात कळवले. भूमिका दुसरीला दिली गेली. एकांकिकेला बक्षीस मिळाले. मी प्रेक्षकांत होते.

म्हणून माझा पहिला आग्रह घरगुती उपायांविषयी नाहीच; तो जिभेविषयी आहे. मुरूम असलेल्याला आपल्या तोंडावर मुरूम आहेत हे ठाऊक असते. घरी आरसा असतो. ती बातमी देण्याची गरज नसते. मुलींच्या बाबतीत तर या बातमीला "पाहायला येणार आहेत" याची धार असते. आई काळजीने बोलते, पण मुलगी त्यातून एवढेच ऐकते की आपली किंमत गालावर लिहिलेली आहे. मुलांना कोणी असे म्हणत नाही, हेही खरे नव्हे. पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर गेलेले दोन मुलगे मी पाहिले आहेत. प्राध्यापकांनाही एक नम्र विनंती : तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला धीर द्यायचा म्हणून त्याच्या चेहऱ्यावर विनोद करू नये. धीर येत नाही. आणि विद्यार्थिनी मंचातर्फे दर वर्षी सौंदर्य प्रसाधनांचे जे प्रात्यक्षिक होते, त्याऐवजी एक वर्ष एखाद्या त्वचारोगतज्ज्ञांना बोलवावे. प्रसाधनांची माहिती आम्हांला दुकानदार फुकट देतो.

दुसरा आग्रह, घरी करायच्या गोष्टी फार थोड्या आहेत आणि त्या कंटाळवाण्या आहेत हे मान्य करावे. सकाळ-संध्याकाळ सौम्य साबणाने, बोटांनी, न घासता तोंड धुवावे. हाताने काही फोडू नये. आपल्या सावळ्या कातडीवर फोडलेल्या पुळीचा काळा डाग पुळीपेक्षा कितीतरी महिने जास्त राहतो आणि खड्डा पडला तर कायमचा. डोक्याला तेल लावावे, कपाळाला नको. केसांच्या तेलाने कपाळावर मुरूम येतात, हे डॉक्टरांनी १९७० सालीच नोंदले आहे, आणि आमच्याकडे वेणी घालताना उरलेला तेलाचा हात कपाळावर पुसण्याची पद्धत आहे. धुळीपासून बचाव म्हणून आपण स्कूटीवर तोंडाला ओढणी गुंडाळतो, कोणी नकाब घेते, कोणी रुमाल बांधतो. घाम, घर्षण आणि ओलसर कापड यांनी हनुवटीवर पुळ्या येतात, हे मास्कच्या दिवसांत सर्वांनी अनुभवले. ते कापड सुती असावे आणि रोज धुवावे. उशीच्या अभ्र्याचेही तसेच.

आपल्या गावासाठी एक गोष्ट वेगळी लिहावी लागेल. आपल्यातले अनेक जण रात्रपाळीला मागावर उभे राहून सकाळी वर्गात येतात. यंत्रावर काम करणाऱ्यांच्या हातांवर आणि मांड्यांवर, जिथे तेलाने भिजलेला कपडा घासतो तिथे, तेलाचे मुरूम येतात. त्याला वैद्यकात स्वतंत्र नावच आहे. त्यावर ना हळद चालते ना चंदन. पाळी संपल्यावर कपडे बदलणे, साबणाने अंग धुणे, तेलकट चिंधीने तोंड न पुसणे हाच उपाय. बारा तासांच्या पाळीनंतर हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे, याची मला जाणीव आहे. कारखान्यात धड नळ आणि साबणाची वडी असली, तर ते जरा सोपे होईल.

आणि हे सगळे करून दोन-तीन महिन्यांत उतार पडला नाही, पुळ्या मोठ्या आणि ठणकणाऱ्या असल्या, किंवा खड्डे पडू लागले, तर डॉक्टरांकडे जावे. मुलींची पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केसही येत असतील, तर आणखी लवकर जावे. तिथे मुरूम हा केवळ निरोप्या असतो. मुरमांवर औषधे आहेत आणि बरीचशी महाग नाहीत. अडीच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड बहुतेकांना दहा टक्क्यांइतकेच लागू पडते आणि जळजळ कमी करते. ते कापडाचा रंग उडवते, एवढे मात्र साड्यांच्या गावात सांगून ठेवलेले बरे. रात्री लावायची अ जीवनसत्त्वाच्या कुळातली मलमे आहेत. गोळ्याही आहेत, त्यांतली आयसोट्रेटिनॉइन फार परिणामकारक, पण गरोदरपणात घेतली तर बाळात गंभीर व्यंग निर्माण करणारी. ती मैत्रिणीच्या पाकिटातून उसनी घेण्याची वस्तू नव्हे. "डॉक्टरकडे कशाला, मुरूम काय रोग आहे?" असे घरचे म्हणतात. त्याच घरात मुरमांवरून मुलीचे बाहेर जाणे बंद झालेले असते. रोग नाही तर लाज कशाची, आणि लाज वाटण्याइतके ते मोठे असेल तर औषध का नाही, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

माझी मैत्रीण अखेर एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. ट्यूब एकदम न थांबवता हळूहळू कमी केली. पहिले दोन महिने चेहरा आधीपेक्षा वाईट दिसत होता आणि ती फक्त परीक्षेला आली. आता नऊ महिने झाले. डाग फिके झाले आहेत, उजव्या गालावर तीन छोटे खड्डे राहिले आहेत. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तू एकटीनेच थोडं सांगितलं होतंस?" तिची आजी अजून दर रविवारी डाळीचे पीठ आणि साय कालवून बसते. त्याविषयी डॉक्टरीणबाईंना विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, पीठ चालेल, साय नको. आणि आजींना सांगा, चोळायचं नाही. आजींना हे मुळीच पटलेले नाही. साय त्या आता नातीच्या पोळीला लावतात. यंदाच्या एकांकिकेच्या निवडीसाठी तिने पुन्हा नाव दिले आहे.